वजाबाई

माझी धाकटी जाऊ समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही. तुम्ही तावातावाने काही सांगत असता आणि ती बाजूच्या भिंतीकडे बघत असते. तुमचं संपलं की एवढंच म्हणते, "हे सगळं तर दोघांनाही मान्य आहे, ते सोडून द्या. फरक कशात आहे तेवढं सांगा." तिच्या या वाक्याने आमच्या घरातली कितीतरी भांडणं रंगायच्या आतच विझली आहेत. मला चांगलं रंगलेलं भांडण आवडतं, त्यामुळे सुरुवातीला मला ती अजिबात आवडली नव्हती, हे सांगून टाकते. आता मात्र तिच्याबद्दल कोणी वावगा शब्द काढला तर त्याने माझ्याशी गाठ आहे असं समजावं.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात आहोत. रसायनांच्या कारखान्यांना लागणाऱ्या पोलादी टाक्या आमच्याकडे बनतात. टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे. दुमजली घर आडवं पाडलं तर जेवढं होईल तेवढी एकेक. त्या टाक्या मी उचलते. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन आहे, तिच्या पुलाच्या पोटाला माझी काचेची केबिन लटकलेली आहे, आणि सकाळी शिडी चढून एकदा वर गेले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमिनीशी माझा संबंध नसतो. धाकटी खाली असते, शेडच्या कोपऱ्यातल्या खोलीत. दारावर इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशी पाटी आहे. विभाग म्हणजे ती, तिचं लांब टेबल, तारेतला सिग्नल पडद्यावर दाखवणारा एक स्कोप आणि सोल्डरिंगचा वास.

तिचं बालपण पत्रा ठोकणाऱ्यांच्या गल्लीत गेलं. खाली दिवसभर हातोडे, वर यांची खोली. आईची हाक त्या दणदणाटातून वेगळी काढायची सवय आपल्याला चालायच्या आधीच लागली, असं ती सांगते, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. पुढे शिकली, पदवी घेतली, आणि माझ्या दिराशी लग्न केलं. दीर शाळेत भूगोल शिकवतो. त्याला जगातल्या सगळ्या नद्या माहीत आहेत, पण घरातला दिवा बदलायचा म्हटलं की तो मला हाक मारतो. माझा नवरा बस चालवतो, त्यालाही विजेचं वावडं. त्यामुळे धाकटी घरात आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो आमच्या सासऱ्यांना. दोन्ही मुलांनी निराशा केली, पण घरात शेवटी एक तारेचं माणूस आलं, असं ते येईल त्याला सांगत होते.

सासरे याच कारखान्यातून मुख्य वायरमन म्हणून निवृत्त झाले. बाबा तारा बांधत नाहीत, विंचरतात, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणायचे. त्यांनी केलेलं पॅनेल उघडलं की प्रत्येक तार सरळसोट, एका रंगाच्या तारा एका जुडग्यात, मेणदोऱ्याच्या गाठी ठरलेल्या अंतरावर. पाहुणे आले की साहेबलोक मशीन दाखवायच्या आधी बाबांचं पॅनेल उघडून दाखवायचे. निवृत्तीनंतर ते घरातल्या टीव्हीच्या मागच्या तारासुद्धा विंचरून बसले. माझ्या फोनच्या चार्जरला त्यांनी बांधलेली गाठ मला आजतागायत सुटलेली नाही.

आता धाकटीचं काम काय ते सांगते. मी इंजिनीअर नाही, पण तिने मला ते इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आमच्या शेडमध्ये दोन तऱ्हेचा गोंगाट असतो. एक कानाला ऐकू येतो आणि त्यासाठी कानात बोळे घालता येतात. दुसरा कोणालाच ऐकू येत नाही. वेल्डिंगची ज्योत पेटली, मोठी मोटर सुरू झाली, की आसपासच्या प्रत्येक तारेत त्यांची खरखर शिरते. नेमकं त्याच तारांमधून माझ्या हुकावर किती वजन आहे याचा सिग्नल वर केबिनमध्ये यायचा असतो. तो सिग्नल म्हणजे चिमूटभर वीज. बाजारातल्या कोलाहलात कोणी कानात कुजबुजावं, तसलं ते प्रकरण.

धाकटीची युक्ती अशी. एकच बातमी दोन तारांवरून पाठवायची, एकीवर सुलटी आणि दुसरीवर उलटी. वाटेत खरखर शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. शेवटाला तिचं कार्ड, म्हणजे सर्किटची तळहाताएवढी पट्टी, बसलेलं असतं, ते एका तारेतून दुसरी वजा करतं. जे सारखं होतं ते नाहीसं होतं, आणि जे मुद्दाम उलटसुलट पाठवलं होतं ते दुपटीने उरतं. याला डिफरन्शियल अँप्लिफायर म्हणतात. ते नाव वेल्डर मंडळींच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिचंच नाव वजाबाई ठेवलं. तिला ते आवडलं. स्वतःच्या खोलीच्या दारावर तिने ते खडूने लिहूनही ठेवलं होतं, साहेबांनी पुसायला लावेपर्यंत.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? खरखर गाळून टाकायचं एखादं यंत्र मिळत असेल की. मिळतं. आमच्याकडे आधी तेच होतं. पण गाळायला वेळ लागतो, आणि लांब टाकी उचलायची म्हणजे दोन क्रेन एकत्र चालवाव्या लागतात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचा मिशीवाला. दोन्ही हुकांवरचं वजन क्षणाक्षणाला दोघांनाही दिसलं पाहिजे, नाहीतर एक टोक वर जातं, दुसरं मागे राहतं आणि सगळा भार एकाच दोरावर येतो. तिथे उशिरा आलेला खरा आकडा खोट्या आकड्याइतकाच वाईट. म्हणून धाकटीला असं कार्ड हवं होतं जे स्वच्छही ऐकेल आणि लगेचही ऐकेल. अशा कार्डाच्या मागे ती कित्येक वर्षं होती.

तोवर आमचा रिवाज साधा होता. दोन क्रेनची उचल असली की भोंगा व्हायचा आणि सगळे वेल्डर काम थांबवून हत्यारं खाली ठेवायचे. ते चहा पीत माझ्याकडे बघत बसायचे आणि मी घाम पुसत टाकी हलवायची. पण मग जाड पत्र्याच्या टाक्यांचं मोठं काम आलं. त्या पत्र्याची वेल्डिंगची शिवण एकदा सुरू केली की गरम ठेवूनच पुरी करावी लागते. मध्ये थांबून गार झाली तर तडा जातो. म्हणजे आता आमच्यासाठी वेल्डिंग थांबणार नव्हतं. ज्योती पेटलेल्या असतानाच टाकी उचलायची होती.

मोठ्या साहेबांपुढे दोन वाटा होत्या. एक धाकटीचं कार्ड. दुसरी, तेच काम करणारा बाहेरच्या एका कंपनीचा मोहोरबंद डबा, जो आमच्यापैकी कोणी उघडायचा नाही, बिघडला तर त्यांनाच बोलवायचं. साहेबांनी धाकटीला सरळ सांगितलं होतं, की चाचणीत कार्ड उतरलं तर तिचं, नाही उतरलं तर डबा येईल आणि मग इलेक्ट्रॉनिक्स विभागाची गरज उरणार नाही. तिला भांडारात बसवतील, आलेल्या मालावर सही करायला. ही गोष्ट तिने मला शिडीच्या पायथ्याशी उभ्या उभ्या सांगितली, एखाद्याने उद्या सुट्टी आहे असं सांगावं तशी. पण बोलताना ती एक स्क्रू बोटांत फिरवत होती आणि तो तिच्या हातून दोनदा पडला, त्यावरून मी काय ते समजले.

तारा ओढायचं काम बाबांनी मागून घेतलं. कारखान्याचे वायरमन नव्या शेडमध्ये गुंतले होते, आणि बाबा साहेबांकडे जाऊन म्हणाले, सुनेच्या कार्डाला तारा मी ओढणार. जुना खाकी शर्ट पुन्हा अंगावर चढला. पोट वाढल्यामुळे खालची दोन बटणं लागत नव्हती, तरी ऐट काही कमी नव्हती. दोन्ही क्रेनवर चढून, पुलावरच्या जंक्शन बॉक्समध्ये, जिथे सगळ्या तारा येऊन जोडल्या जातात तिथे, मान घालून त्यांनी काम पुरं केलं. शेवटी झाकण लावायच्या आधी त्यांनी मला मुद्दाम बोलावून आतलं काम दाखवलं. लाल तारा एका जुडग्यात, पांढऱ्या दुसऱ्या, सगळ्या सरळ. मी म्हटलं, बाबा, नजर लागेल. ते लहान मुलासारखे हसले.

चाचणीच्या दिवशी मी आणि मिशीवाल्याने एक रिकामी टाकी उचलली. आधी वेल्डिंग बंद ठेवून. आकडे शांत, दोन्हीकडे सारखे. मग खाली खूण झाली आणि वेल्डरांनी एकेक करून ज्योती पेटवल्या. माझ्या पडद्यावरचा आकडा आधी थरथरला, मग एकदम दुप्पट झाला, मग शून्य. यंत्राला वाटलं भार निसटला, त्याने दोन्ही क्रेनना करकचून ब्रेक लावले. टाकीला असा हेलकावा बसला की माझी केबिन हादरली. टाकीखाली कोणी नव्हतं, सगळ्यांना आधीच बाजूला काढलं होतं.

मी शिडी उतरले. खाली सगळे धाकटीकडे बघत होते. साहेबांनी आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं. म्हणाले, परवा पुन्हा एकदा बघू, टाकी घेणाऱ्यांचा तपासनीस त्या दिवशी येतोच आहे. तोवर कारण सापडलं नाही तर मी डब्याची मागणी पाठवतो. बाबा खांबाला टेकून उभे होते. घरी आल्यावर ते माझ्या नवऱ्याला म्हणाले की पोरगी हुशार आहे, पण कार्ड नाजूक झालं असावं. आपल्या तारांवर त्यांना शंकाही आली नाही. यायचं कारणच नव्हतं, कारण त्या तारांवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने कार्ड टेबलावर तपासलं. ते ठणठणीत होतं. मग ती माझ्या क्रेनवर चढली आणि कार्डापासून उलटी निघाली, तार बोटांत धरून, इंचाइंचाने. मी तिच्या मागे टॉर्च घेऊन. जंक्शन बॉक्सचं झाकण तिने उघडलं, आत बघितलं, आणि टॉर्च माझ्या हातातून घेऊन पुन्हा बघितलं. काय दिसलं, असं मी विचारलं.

ती म्हणाली की दोन तारा एकमेकींना पीळ घालून आलेल्या असतात, तो पीळ शोभेचा नसतो. पीळ असला तरच खरखर दोघींत सारखी शिरते. बाबांनी पीळ सोडवला होता, तारा सरळ केल्या होत्या, आणि रंगाप्रमाणे जुडगी बांधताना जोडीतली लाल एकीकडे आणि पांढरी दुसरीकडे गेली होती. लाल जुडगं मोटरच्या जाड केबलला खेटून, पांढरं चांगलं वीतभर लांब. एका तारेत खरखर भरपूर, दुसरीत थोडी. मग वजा करून उरणार काय? खरखरच. ती कार्डाने इमानदारीने मोठी करून मला दाखवली होती.

मला हसू की रडू कळेना. एवढी सुंदर बांधणी, आणि त्या सुंदरपणानेच घात केलेला. धाकटीने एका गाठीवरून हलकेच बोट फिरवलं.

मी तिला माझ्या पद्धतीचा सल्ला दिला. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत गाठी कापू, तारा बदलून टाकू, कार्डात एक भाग बदलला असं सांगू. कोणाला पत्ता लागणार नाही आणि म्हाताऱ्याचा मानही राहील.

"आणि त्यांनी पुढच्या क्रेनवर पुन्हा असंच बांधलं तर?" ती म्हणाली. "शिवाय ताई, त्यांच्या गाठी त्यांच्या पाठीमागे कापायच्या, हे मला जमणार नाही. ते माझ्यासाठी शर्टाची बटणं न लागता वर चढले होते."

मी माझा सल्ला मागे घेतला. माझं असं क्वचित होतं.

संध्याकाळी जेवणाची पानं मांडली तेव्हा तिने सांगितलं. आडवळणाने नाही, आधी गोड बोलून नाही. बाबा, तारांतला पीळ सुटला म्हणून आकडा उडाला, एवढंच. माझ्या नवऱ्याने घास तोंडाशी धरूनच ठेवला. दिराने भूगोलाच्या वह्यांत डोकं खुपसलं. बाबांनी ताट पुढे सरकवलं.

"माझ्या तारेला नावं ठेवणारी तू पहिली," ते म्हणाले. "लोक बघायला यायचे ती कामं. आणि तू मला तार शिकवतेस?"

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि रेडिओ मोठ्याने लावला. घरात दुसरी कोणी असती तर एक तर रडली असती, नाहीतर उलट बोलली असती. मी असते तर दोन्ही केलं असतं. धाकटी उठली, तिच्या पिशवीतून एक कार्ड, एक छोटा स्पीकर आणि तारांचं भेंडोळं काढलं, आणि बाबांच्या रेडिओपाशी जाऊन म्हणाली, "बाबा, रेडिओ जरा देता?" त्यांनी रेडिओ दिला नाही, पण ओढूनही घेतला नाही.

तिने रेडिओचा आवाज दोन तारांवरून स्वयंपाकघरापर्यंत आणला, तिथे कार्ड आणि स्पीकर. आधी तारा बाबांच्या पद्धतीने ठेवल्या: सरळ, वेगवेगळ्या, एक मिक्सरच्या वायरीला लागून. स्पीकरवर बातम्या चालू होत्या. मग तिने मला मिक्सर लावायला सांगितलं. आमचा मिक्सर म्हातारा आहे, तो सुरू झाला की शेजारची मांजर पळते. बातम्यांच्या जागी नुसती खर्रर्र. मिक्सर बंद, बातम्या परत.

मग तिने त्याच तारांना पीळ घातला आणि मिक्सरच्या वायरीवरूनच नेल्या. मी पुन्हा बटण दाबलं. मिक्सर रिकाम्या भांड्यात ओरडत होता, आणि स्पीकरला कान लावला तर बातम्यांतली बाई शांतपणे हवामान सांगत होती. एक अक्षर अडखळलं नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिलेले मी बघितले नव्हते. ते पुढे आले, तिच्या हातातून तारा घेतल्या, पीळ उलगडला, मला मान हलवून खुणावलं. मी मिक्सर लावला. खर्रर्र. त्यांनी पीळ घातला. बाई बोलू लागली. पुन्हा उलगडला. पुन्हा घातला. मग अर्धाच पीळ घालून बघितला, मग टोकाशी बोटभर सोडून बघितला. आम्ही सगळे आपापल्या गार झालेल्या ताटांपाशी बसून होतो आणि मिक्सर तापून वास मारायला लागला होता, पण थांबा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. एवढं करून त्यांनी तारा टेबलावर ठेवल्या आणि झोपायला गेले. चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत. धाकटी तेवढ्यापुरती खचली. तिने भांडी घासताना एक पेला फोडला.

सकाळी बाबा घरात नव्हते. खाकी शर्टही खुंटीवर नव्हता.

आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा साहेबांनी सगळ्यांना शेडच्या मधोमध जमवलं होतं आणि तपासनीस यायच्या आत त्यांना कारण हवं होतं. धाकटीने सांगितलं की कार्ड ठीक आहे, तारांच्या बांधणीत पीळ सुटला होता. तारांच्या नकाशावर आपण पिळाची खूण काढली होती, पण ती कशासाठी हे काम करणाऱ्याला समजावलं नाही. वायरमनला जन्मभर सरळ तारेचा धडा मिळालेला असतो, तेव्हा ते सांगायची जबाबदारी आपली होती. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"तुम्ही सासऱ्यांना वाचवताय की कार्डाला?"

"दोघांनाही वाचवायची गरज नाही, साहेब. तुम्ही वेल्डिंग सुरू करायला सांगा."

मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. बायकांनी मिरवावेत असे दागिने असतात म्हणे. मला त्या क्षणी ही जाऊ मिरवावीशी वाटत होती.

मी वर चढले तर बाबा पुलावर मांडी घालून बसले होते. जंक्शन बॉक्स उघडा, आजूबाजूला कापलेल्या मेणदोऱ्याचे तुकडे. रंगांची जुडगी गेली होती. प्रत्येक जोडी पीळ घातलेली, अगदी स्क्रूच्या तोंडापर्यंत, आणि मोटरच्या केबलपासून लांब वळवून नेलेली. दिसायला खरंच वेडंवाकडं दिसत होतं. मिशीवाल्याची क्रेन त्यांनी आधीच उरकली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले की धाकटीला वर बोलाव, एकदा डोळ्यांखालून घालू दे. ती आली, तिने एकेक जोडी बघितली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथला पीळ जरा सैल होता. बाबांनी निमूटपणे तो घट्ट केला.

या वेळी धाकटी माझ्या केबिनमध्येच थांबली. साहेबांनी तिला खाली बोलावलं, तर म्हणाली, काय व्हायचं ते इथूनच बघते. टाकी आम्ही उचलली आणि हवेत धरून ठेवली. खाली पहिली ज्योत पेटली, मग दुसरी, मग एका रांगेत सगळ्या. निळ्या उजेडाने शेड भरून गेली, काचेत आमचे चेहरेही निळे दिसत होते. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. आकडा बसला होता तिथेच बसला होता. मी टाकी पुढे नेली, मिशीवाल्याने तिकडून साथ दिली, दोन्ही वजनं जोडीने चालली. मधल्या ओळीवर सर्वांत मोठं वेल्डिंग होतं, त्याच्या अगदी बाजूने आम्ही टाकी नेली. आकड्याने पापणीसुद्धा लववली नाही. धाकटीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे वळ उठलेले दिसले.

टाकी जागेवर टेकली. वेल्डरांपैकी एकानेही ज्योत विझवली नाही, कारण आता ती विझवावी लागणारच नव्हती. तेच तर सगळं होतं. मग हातातलं काम सोडता येत नाही म्हणून त्यांनी पाय आपटून शाबासकी दिली. तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. आमच्या घरातली मुलगी आहे ती, असं मी वॉकीटॉकीवर मिशीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे बाई, दिवसभर तेच सांगतेस.

तपासनीस कडक होता. चाचणी उत्तम झाली तरी तारांचे बॉक्स उघडून बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा शिरस्ता. तो साहेबांबरोबर शिडी चढून वर आला. बाबा बॉक्सपाशी उभे होते, आणि केबिनचं दार उघडं असल्यामुळे आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं. तपासनिसाने आधी बाजूचं जुनं पॅनेल उघडलं. बाबांचंच काम, सरळ विंचरलेलं. तो खूष झाला. मग त्याने नवा बॉक्स उघडला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"शेजारी इतकं देखणं काम, आणि इथे हा गुंता? हा कोणी केला?"

साहेब घाईघाईने समजावून सांगायला लागले. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आयुष्यात कोणत्याही साहेबाला त्यांनी असं थांबवलेलं मी बघितलं नव्हतं.

"मी केला," ते म्हणाले. "तारा सरळ करायला कारखान्याने शिकवलं. हे माझ्या सुनेने शिकवलं."

आणि त्यांनी बॉक्सचं झाकण हाताने आणखी मागे ओढून धरलं, तपासनिसाला आतलं नीट दिसावं म्हणून.